उसना कान

रोज रात्री साडेदहाच्या सुमारास मी कानात इअरफोन घालून आडवा होतो आणि डोळे मिटतो. त्या वेळी माझ्या चेहऱ्यावर म्हणे सत्यनारायणाची कथा ऐकणाऱ्या यजमानासारखे भाव असतात. एकदा सौ.ने माझ्या एका कानातलं काढून स्वतःच्या कानाला लावलं, पाच सेकंद ऐकलं आणि विचारलं, "अहो, हा कुणाचा मिक्सर चालू राहिलाय?"

तो मिक्सर नव्हता. ते रशियातलं एक केंद्र होतं. ४६२५ किलोहर्ट्झवर ते मिनिटाला साधारण पंचवीस वेळा 'भुर्रर्र' असा आवाज काढतं. दिवसरात्र काढतं, आणि चाळीस वर्षांहून जास्त काळ काढत आलंय. जगभरचे हौशी लोक त्याला 'बझर' म्हणतात. ते तिथल्या लष्कराचं असावं असा जाणकारांचा कयास आहे. केंद्राकडून खुलासा आलेला नाही. मधूनच भुर्रर्र थांबतं, एक माणूस रशियनमध्ये काही नावं आणि आकडे वाचून दाखवतो, आणि पुन्हा भुर्रर्र.

"म्हणजे चाळीस वर्षं नुसती भुणभुण?"

"हो."

"आणि तुम्ही ती मुद्दाम ऐकता?"

"हो."

"मग मी बोलते तेव्हाच कसं ऐकू येत नाही?"

या प्रश्नाला तांत्रिक उत्तर होतं, पण ते द्यायची ती वेळ नव्हती.

रेडिओचं खूळ मला वडिलांकडून आलं. आमच्या वाड्यात मर्फीचा व्हॉल्व्हचा सेट होता. बटण फिरवल्यावर तो तापेपर्यंत दोन श्लोक म्हणून व्हायचे. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली. तिच्यावर कुणी चुकून ओला टॉवेल टाकला की वडील देवघरात चप्पल गेल्यासारखे ओरडायचे. रेडिओचं लायसन्स असायचं, त्याचं पुस्तक असायचं, आणि दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरावे लागायचे. ऐकण्यासाठी परवाना लागे. बोलण्यासाठी लागत नसे. उलट असतं तर आमच्या एका आत्याच्या जोरावर सरकारने धरण बांधलं असतं.

बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची तेव्हा अर्धा वाडा आमच्या ओटीवर. अमीन सायानींचा आवाज समुद्र ओलांडून यायचा, मोठा व्हायचा, बारीक व्हायचा, ऐन पहिल्या नंबरचं गाणं सांगताना बुडायचा. कुणी म्हणायचं, "जरा डावीकडे घ्या." कुणी म्हणायचं, "तुम्ही खिडकीतून बाजूला व्हा, लहर अडतेय." वाड्यात रेडिओ एक आणि कान चाळीस. स्वतःचा रेडिओ नसणं ही काही लाजेची गोष्ट नव्हती. साखर उसनी आणावी तसा लोक आमच्याकडून एक तास उसना घेऊन जायचे.

निवृत्त झाल्यावर मी हौसेने चांगला शॉर्टवेव्ह रेडिओ घेतला. बाल्कनीत बसून लावला. सगळ्या बँडवर एकच कार्यक्रम चालू होता: खरखर. पूर्वी खरखर आली की कुठेतरी वीज चमकली असेल असं समजायचो. आता शेजाऱ्यांनी स्कूटर चार्जिंगला लावली असं समजतो. एलईडीचे दिवे, मोबाइलचे चार्जर, लिफ्ट, राउटर, गच्चीवरच्या सोलरचा इन्व्हर्टर, हे सगळे अहोरात्र आपापल्या परीने प्रसारण करत असतात. इमारतीत ८४ सदनिका आहेत. त्या गोंगाटात हजारो किलोमीटरवरून आलेली लहर म्हणजे लग्नाच्या वरातीत कुणी कानात मंत्र सांगावा, तसं.

यावर उपाय म्हणजे गच्चीवर उंच तार बांधणं. मी सोसायटीच्या सभेत रीतसर विषय मांडला. तयारी करून गेलो होतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओ लहरी ऐकण्यासाठी ती जागा शांत म्हणून निवडली गेली, तेव्हा शांततेचं महत्त्व आपणही ओळखलं पाहिजे, असं सांगितलं. सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "मग काका, तुम्ही खोडदला राहायला जा." सभागृह हसलं. एका बाईंनी तारेवर कपडे वाळत घालता येतील का विचारलं. एका गृहस्थांना त्या तारेने सगळ्यांचे मोबाइल ऐकू येतील अशी शंका आली; त्यांचा चेहरा पाहता त्यांच्या मोबाइलवर ऐकण्यासारखं काहीतरी असावं. ठराव बारगळला, आणि इतिवृत्तात 'गच्चीवर दोरी बांधण्याचा अर्ज फेटाळला' अशी नोंद झाली.

मुलीला माझी दया आली. "बाबा, तुम्हाला एरियल कशाला हवी? लोकांची वापरा की," असं म्हणून तिने माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं.

ॲप उघडलं की जगाचा नकाशा येतो आणि त्यावर ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे कुणाच्या तरी शेतात, परसात, डोंगरावर बसवलेला, इंटरनेटला जोडलेला एक रेडिओ. ठिपक्यावर बोट ठेवायचं, की तो रेडिओ तुमचा. तो लावणाऱ्याची ओळख नाही, पाळख नाही. वीज त्याची, इंटरनेट त्याचं, तारेवर बसणारे पक्षी त्याचे. आपण फक्त ऐकायचं.

या रेडिओंना सॉफ्टवेअरवाले रेडिओ म्हणतात. आमच्या मर्फीत गँग होती, कॉइल होत्या, ते एका वेळी एकच केंद्र निवडायचे, बाकीच्यांना दार बंद. इथे एरियलवर जे काही पडतं त्या सगळ्याचे थेट आकडे करतात आणि निवडायचं काम संगणकाला देतात. त्यामुळे एकाच एरियलवर बसून एकजण चिनी बातम्या ऐकतो, दुसरा जहाजांचे हवामान-इशारे, तिसरा बझर. वरण एकाच पातेल्यात. कुणी वरचं पाणी घेतो, कुणी तळाची डाळ. वाड्यातला 'डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या' हा तंटा मुळात मिटला. तंट्यावाचून रेडिओ ऐकण्याची सवय व्हायला मला महिना लागला.

नेदरलँड्समधल्या एनशेडे गावी ट्वेंटे विद्यापीठ आहे. तिथल्या पीटर-त्यर्क द बूर या हौशी रेडिओवाल्या माणसाने २००८ साली ही सोय जगाला मोकळी केली. आज तिथल्या रेडिओवर कुठल्याही वेळी शेकडो लोक आपापल्या लहरीवर बसलेले असतात. शून्यापासून २९ मेगाहर्ट्झपर्यंत सगळं ऐकणारी तिथली एरियल केवढी, तर तळहाताएवढी. सोसायटीला मी हेच सांगायला हवं होतं.

मग न्यूझीलंडमधून 'किवी' नावाचं छोटं सर्किट निघालं. तेही शून्य ते ३० मेगाहर्ट्झ ऐकतं, आणि ते जगभर घराघरांत बसलं. माझ्या नकाशावरचे बहुतेक ठिपके या किवींचेच. एका किवीवर साधारण चार जणांची सोय असते. चारच. मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसून ज्याने आयुष्य काढलं, त्याला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. आइसलँडचा किवी उघडावा तर चारी जागा भरलेल्या. पुन्हा उघडावा, पुन्हा भरलेल्या. मग कुणीतरी उठतो, आणि आपण टेकतो. कित्येक मालकांनी वेळेची मर्यादा घातलेली असते. ती संपली की तुमचा कान मध्येच कापला जातो. वाईट वाटतं, पण तक्रार कुणाकडे करणार? वाड्यात रात्री साडेनऊला वडील जांभई देत रेडिओ बंद करायचे तेव्हा शेजाऱ्यांनी कुठे तक्रार केली होती?

किवीवर गेलात की नाव विचारतात. मी बिनधास्त खरं नाव टाकलं. नंतर कळलं, की तिथे बसलेल्या प्रत्येकाचं नाव, साधारण गाव आणि तो काय ऐकतोय ती लहर, हे सगळं उरलेल्यांना दिसतं. म्हणजे मी गुपचूप रशियाची भुणभुण ऐकतोय आणि माझं नाव, पुढे 'पुणे', पुढे '४६२५' अशी पाटी लागलेली. लाज वाटली. मग पाहिलं तर शेजारच्या जागेवर ब्राझीलचा एकजण, त्याच्याही नावापुढे ४६२५. आम्ही दोघं पाऊण तास शेजारी शेजारी बसून काहीही न बोलता तीच भुर्रर्र ऐकत होतो. इतका समजूतदार शेजार मला कोथरूडात लाभलेला नाही.

या छंदाची एक ओढ वेगळीच आहे. शॉर्टवेव्हची लहर आकाशातल्या थरावर आपटून खाली येते. दिवसा खालचा एक थर ही लहर, विशेषतः कमी मेगाहर्ट्झची, गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लांबची केंद्रं बोलू लागतात. म्हणून ज्या गावी अंधार पडलाय त्या गावाचा कान घ्यायचा. परिणामी, आता आइसलँडमध्ये सूर्यास्त किती वाजता होतो हे मला तोंडपाठ आहे. परवा आमच्याकडे पाणी किती वाजता येतं, हे कामवाल्या मावशींनी विचारलं, तर मला सौ.ला हाक मारावी लागली.

कोणता कान घेतला, त्यावर काय ऐकू येईल ते ठरतं. कॅलिफोर्नियाचा एक किवी मी केवळ १० मेगाहर्ट्झसाठी जपून ठेवलाय. तिथे अमेरिकेच्या सरकारी घड्याळाची दोन केंद्रं एकाच लहरीवर ऐकू येतात, एक कोलोरॅडोचं आणि एक हवाईचं. टिक, टिक, टिक. मिनिट संपायला पंधरा सेकंद उरली की हवाईची बाई सांगते, आता अमुक वाजून अमुक मिनिटं होतील. ती बोलून थांबते. मग कोलोरॅडोचा पुरुष नेमकं तेच, त्याच शब्दांत, जणू स्वतःला आत्ताच सुचलं अशा थाटात सांगतो. हे दर मिनिटाला. हे ऐकवल्यावर सौ. या छंदाबद्दल पहिल्यांदा चांगलं बोलली. "बघा," ती म्हणाली, "सगळीकडे असंच आहे."

आता बोटाबद्दल. मर्फीला मुठीएवढी गोल कळ होती, ती मनगटाने फिरायची. फोनच्या पडद्यावर लहरींचा एक धबधबा वरून खाली ओघळत असतो, निळ्या पाण्यात पिवळ्या रेघा. जिथे रेघ तिथे कुणीतरी बोलतंय. त्या रेघेवर बोट ठेवायचं. हौशी रेडिओवाले ज्या पद्धतीने बोलतात तिच्यात अर्ध्या लहरीची काटछाट केलेली असते, त्यामुळे पन्नास हर्ट्झ इकडेतिकडे झालं तरी आवाज बदलतो. आणि माझा अंगठा मोजला तर निदान चार हजार हर्ट्झ रुंद आहे. तो टेकला की रेघ त्याच्याखाली दिसेनाशी होते. वर सरकवलं की बोलणारा बदक होतो, खाली सरकवलं की रेड्याचा वेद. मधे कुठेतरी माणूस असतो. तो सापडला म्हणून श्वास सोडावा, तर त्या श्वासाने बोट हलतं.

गेल्या डिसेंबरात २४ तारखेला मी घरी जाहीर केलं की आज दुपारी मला कुणी हाक मारायची नाही. स्वीडनमध्ये ग्रिमेटॉन नावाचं १९२० च्या दशकातलं तारायंत्र केंद्र आहे. त्यात व्हॉल्व्ह नाही, ट्रान्झिस्टर नाही. भलंमोठं चाक गरगरा फिरवून थेट रेडिओची लहर काढतात. २००४ साली युनेस्कोने ते जागतिक वारशात घेतलं. हे यंत्र नाताळच्या आदल्या दिवशी चालू करून जगाला मोर्समध्ये संदेश पाठवतात, १७.२ किलोहर्ट्झवर, म्हणजे अगदी तळाला, जिथे माझा विकतचा रेडिओ पोहोचतच नाही. ट्वेंटेची तळहाताएवढी एरियल पोहोचते. मी तिथे जाऊन बसलो. धबधब्यात त्या लहरीजवळ माझ्यासारख्यांचे एवढे ठिपके, की आषाढीला चंद्रभागेचं वाळवंट बरं. आणि मग आलं: डा-डिट-डा-डिट, डा-डा-डिट-डा. मला मोर्स येत नाही. काय सांगितलं ते कळलं नाही. शंभर वर्षांचं चाक तिकडे फिरत होतं, इकडे आमटी निवत होती, आणि मला भरून आलं होतं.

"काय म्हणाले?" सौ.ने विचारलं.

"नाताळच्या शुभेच्छा असाव्यात."

"त्या व्हॉट्सॲपवर आल्यात सकाळीच."

या तारायंत्रावरून आठवलं. आपल्याकडेही असा थाट होता. १९२७ मध्ये विलायतेशी बिनतारी तारांची सेवा सुरू झाली. तिचं पाठवायचं केंद्र खडकीला आणि ऐकायचं केंद्र दौंडला. आपण दौंडला इंजिन फिरेपर्यंत शेंगदाणे खायचं ठिकाण समजतो. एके काळी हिंदुस्थानचा कान तिथे होता. दोन केंद्रं इतकी लांब का? कारण आपणच मोठ्याने बोलत असलो तर समोरच्याचं ऐकू येत नाही, म्हणून तोंड एका गावी ठेवायचं आणि कान दुसऱ्या. इतकी शहाणी रचना मी दुसऱ्या कुठल्याही संस्थेत पाहिलेली नाही. आमच्या सोसायटीच्या सभा तरी निम्म्या खडकीत आणि निम्म्या दौंडात भरवाव्यात.

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या गूनहिली इथेही एक कान आहे, आणि तो आकाशाकडे लावलेला आहे. २०१८ मध्ये सोडलेल्या कतारच्या एका उपग्रहावर हौशी रेडिओवाल्यांना एक कोपरा दिलाय. उपग्रह ३६ हजार किलोमीटर वर एका जागी टांगलेला, आणि त्याच्या टप्प्यात युरोप, आफ्रिका आणि आपणही. परवान्याची परीक्षा दिलेले आपल्याकडचे हौशी तिथे बोलतात; त्यांची सांकेतिक नावं बहुधा 'व्हीयू'ने सुरू होतात. या मंडळींनी हवेत राजकारण बोलायचं नाही, धर्म बोलायचा नाही, धंदा बोलायचा नाही असा दंडक आहे. निवृत्त माणसाचे तीन विषय काढून घेतल्यावर काय उरतं, तर एरियल, हवामान आणि तब्येत. तेवढ्यावर ते तास तास काढतात. मला त्यांचं कौतुक वाटतं.

एका रविवारी असे एक व्हीयू गृहस्थ कुणा युरोपियनाशी इंग्रजीत बोलत होते. डिशचा व्यास, केबलचा प्रकार, बाहेर पाऊस. बोलता बोलता बटण दाबलेलंच राहिलं, त्यांनी मागे वळून कुणाला तरी म्हटलं, "इथेच ठेव, गार होऊ दे जरा," आणि पुन्हा इंग्रजी सुरू. तो चहाच असणार. त्यांच्या टेबलावरचा तो चहा ३६ हजार किलोमीटर वर गेला, तितकाच खाली कॉर्नवॉलला उतरला, तिथून समुद्राखालच्या केबलीतून माझ्या कानात आला. बझरच्या भुर्रर्रमागेही कधीकधी खोलीतली कुजबुज ऐकू आलीय म्हणतात. तिथेही माइक उघडाच राहतो. तिकडे काय गार होत असेल कोण जाणे. मी हे सौ.ला सांगायला स्वयंपाकघरात गेलो, तर ती म्हणाली, "तुमचाही कधीचा गार झालाय."

एक मात्र मनाला टोचतं. मी नेदरलँड्सचा कान घेतला, आइसलँडचा घेतला, कॅलिफोर्नियाचा घेतला, आणि कुणाला काही दिलं नाही. आमच्या वाड्यात वाटीभर साखर उसनी नेली की परत करताना शीग लावून द्यायची रीत होती. नकाशा आपल्या बाजूला सरकवला की ठिपके विरळ होतात. तिकडच्या एखाद्या म्हाताऱ्याला रात्री अरबी समुद्रावरून काय ऐकू येतं हे पाहावंसं वाटलं, तर त्याने कुणाचा कान घ्यायचा? माझी गच्ची ठरावाने बंद आहे.

तेव्हा कोकणात, माणदेशात, मेळघाटाच्या कडेला ज्यांचं घर आहे आणि दिवे कमी आहेत, त्यांना विनंती. दोन झाडांमध्ये वीसेक मीटर तार ताणा. आंबा असेल तर उत्तम, नारळ असेल तर पाडपी येईल त्या दिवशी काढून ठेवा. सोलर पंपाची पेटी तारेपासून लांब राहू द्या. एक किवी लावा, इंटरनेट जोडा आणि नकाशावर ठिपका उमटू द्या. चार जागा असतील. त्यातल्या एकीवर माझ्या नावाचा रुमाल टाकून ठेवा. मी रात्री साडेदहाला येतो.